‘अंगठा कोठे आहे?’ : छिन्न अंगुष्ठाची पुनर्रचना आणि प्रथम भेटणाऱ्या वैद्याचे कर्तव्य



सुश्रुताचार्यांनी यंत्रांची संख्या १०१ सांगितली आणि या सर्वांत हात हेच प्रधान यंत्र होय, असे लगेच बजावले. कारण हातावाचून इतर कोणतेही यंत्र चालत नाही. शल्यतंत्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी हे वचन पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे विसरून जातो. आम्हीही विसरलो होतो. त्याची आठवण आम्हांस एका रुग्णाने करून दिली, आणि ती आठवण सुखद नाही. त्या वचनाच्या पोटात आणखी एक न उच्चारलेले वचन दडलेले आहे, हे आम्हांस त्या प्रसंगातून उमगले. सर्व यंत्रांत हात प्रधान, आणि हातात अंगठा प्रधान.

प्रस्तुत लेखाचा विषय अंगठ्याच्या शल्यकर्मीय पुनर्रचनेचा आहे. हे कर्म आपण करीत नाही, करणारही नाही. मग आपल्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. त्याचे उत्तर असे की, अंगठा तुटलेला मनुष्य शल्यचिकित्सकाकडे पोहोचण्यापूर्वी बहुधा आपल्या दवाखान्याच्या पायरीवर किंवा औषधी दुकानाच्या फळीपाशी उभा राहतो. पहिल्या अर्ध्या तासात आपण काय करतो आणि काय करीत नाही, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

आमच्या हातून घडलेली चूक

राजोडी हे वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. एका अंगाला सुरूची बने आणि किनारा, दुसऱ्या अंगाला केळी, भाजीपाला आणि फुलांच्या वाड्या. येथील माणूस हाताने जगतो. कोणी जाळे विणतो, कोणी केळीचे घड उतरवतो, कोणी पहाटे उठून फुले खुडतो. तालुक्याच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखाने आहेत. तेथे पत्रा कापणाऱ्या व दाबणाऱ्या प्रेस मशीनवर गावागावांतील तरुण काम करतात. अशा ठिकाणी हाताच्या जखमा नवीन नाहीत.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट. श्रावणातल्या एका सायंकाळी वाडीतला एक चोवीस वर्षांचा तरुण आमच्या दवाखान्यात आला. म्हशीसाठी गवत कापताना कुट्टीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मुळाच्या पेरातून तुटला होता. सोबत थोरला भाऊ होता. त्याच्या हातात केळीच्या पानाचा तुकडा होता, आणि त्या पानात तो अंगठा.

आम्ही हात वर धरला, जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून दाब दिला, रक्त थांबविले. येथवर सर्व योग्य झाले. नंतर भावाने पान पुढे केले आणि विचारले, “डॉक्टर, याचं काय करायचं?” आम्ही पाहिले. पेर पांढरे पडले होते, कडा मात्र सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. आम्ही म्हणालो, “याचा आता काही उपयोग नाही.”

त्या रात्री घरच्यांनी तो अंगठा माडाच्या बुंध्याशी पुरला. दुसऱ्या दिवशी तालुक्यातील रुग्णालयात जखम शिवली गेली. पुढे व्रणाची देखभाल आम्हीच केली. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, जात्यादि तैलाची पट्टी, आहार, विश्रांती. व्रण सुरेख भरला. शुद्ध व्रणाची आणि रोहणाची सर्व लक्षणे आम्ही समाधानाने पाहत होतो. तीन महिन्यांनी त्याच तरुणास घेऊन आम्ही मुंबईतील एका महापालिका रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात गेलो. तेथील शल्यचिकित्सकांनी हात पाहिला, कट कसा होता, किती वेळ झाला होता हे विचारले, आणि मग शांतपणे एकच प्रश्न केला, “अंगठा कोठे आहे?”

आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. धारदार कापलेला, तरुण निरोगी माणसाचा, तासाभराच्या आत हाती आलेला अंगठा पुन्हा जोडण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच असते, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. दोष आम्ही स्वतःस दिला, आणि हा लेख त्यामुळेच लिहीत आहोत.

अंगठ्याचे मोल

एकलव्याची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. गुरुदक्षिणेत मागितला गेला तो अंगठाच. धनुर्धराचे सर्व कौशल्य कोठे साठलेले असते, हे मागणाऱ्यास पुरते माहीत होते. आपल्या भाषेतही निरक्षर माणसाची सही म्हणजे अंगठा, आणि नकार म्हणजे अंगठा दाखविणे.

शरीररचनेच्या दृष्टीने पाहता अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा घोड्याच्या खोगिराच्या आकाराचा आहे. त्यामुळे अंगठा इतर चारही बोटांच्या समोर येऊ शकतो. पकडणे, चिमटीत धरणे, पिळणे, पेलणे या सर्व क्रिया या एका समोर येण्यावर उभ्या आहेत. त्याच्या हालचालीसाठी नऊ स्नायू काम करतात. हाताच्या एकूण कार्यापैकी सुमारे ४० टक्के कार्य अंगठ्याचे, असे शल्यशास्त्रात मानले जाते.

कायद्यानेही हे मोल ओळखले होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात संपूर्ण अंगठा गेल्यास अर्जनक्षमतेची हानी ३० टक्के, मुळाच्या तळहातातील हाडासह गेल्यास ४० टक्के आणि केवळ शेवटचे पेर गेल्यास २० टक्के धरली होती. त्याच परिशिष्टात संपूर्ण तर्जनीसाठी १४ टक्के होते. म्हणजे अंगठ्याचे एक पेर संपूर्ण तर्जनीहून महाग. हिशेब कोरडा आहे, पण खरा आहे.

सुश्रुतांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्यभागी क्षिप्र नावाचे मर्म सांगितले. ते स्नायुमर्म असून कालांतरप्राणहर वर्गातील आहे. तेथे आघात झाल्यास आक्षेपकाने मृत्यू ओढवतो, असे वर्णन आहे. हाताच्या खोल जखमेनंतर होणाऱ्या धनुर्वाताशी हे वर्णन ताडून पाहावे, असे अनेक अभ्यासकांस वाटते. शारीरस्थानाच्या त्याच अध्यायात आणखी एक मार्मिक निरीक्षण आहे. हात किंवा पाय पूर्ण तुटला असता सिरा आकुंचन पावतात आणि रक्त थोडे जाते. उलट क्षिप्र व तलहृदय या मर्मांवर आघात झाल्यास रक्त फार जाते आणि वायू तीव्र वेदना करतो. म्हणून अशा रुग्णाचे प्राण वाचविण्यासाठी मणिबंधापाशी हात किंवा गुल्फापाशी पाय छेदावा, असा उपदेश आचार्य करतात. तुटलेल्या रक्तवाहिन्यांचे आकुंचन हे निरीक्षण आजही तंतोतंत खरे आहे. मात्र त्या काळी प्राण आणि हात यांत निवड करावी लागे. आज बहुतेक वेळा दोन्ही राखता येतात.

पुण्याचे नाक आणि न जोडलेला हात

पुनर्रचनेच्या शल्यशास्त्राचा जागतिक इतिहास लिहिताना पुण्याचा उल्लेख टाळता येत नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. नंतर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळावरील त्वचेचा पट खाली वळवून त्याचे नाक पुन्हा घडविले. हे कर्म इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा वृत्तांत चित्रासह प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नासासंधान सांगितले आहे, पुण्यात कपाळाची त्वचा वापरली गेली. तत्त्व एकच. त्वचेचा पट मुळाशी जिवंत ठेवून नव्या जागी बसविणे.

आपण सर्वजण ही कथा व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. आम्हीही सांगत असू. पण तिच्यातील एक गोष्ट आपण सहसा सोडून देतो. कावसजीचा हातही कापलेला होता. नाक परत मिळाले, हात मिळाला नाही. मिळणे शक्यही नव्हते. नाक हा मुख्यत्वे आकार आहे. त्वचा जगली, आकार आला, की मनुष्य लोकांत मिसळू शकतो. अंगठा हे हलणारे, जाणणारे, तोल सांभाळणारे अंग आहे. त्यात हाड लागते, सांधा लागतो, कंडरा लागतात, रक्त नेणाऱ्या व आणणाऱ्या वाहिन्या लागतात, आणि स्पर्श कळविणारे मज्जातंतू लागतात. यांतील प्रत्येक गोष्ट जोडता येण्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र आणि केसाहून बारीक दोरा हाती यावा लागला. त्यास कावसजीनंतर पावणेदोनशे वर्षे लागली. परंपरेचा अभिमान खरा ठेवावयाचा, तर तिची सीमाही आपणच सांगितली पाहिजे.

अंगठा पुन्हा घडविण्याची वाटचाल

१८९७ ते १९०० या काळात ऑस्ट्रियातील कार्ल निकोलाडोनी यांनी प्रथम छातीच्या त्वचेने आणि नंतर पायाच्या बोटाने अंगठा घडविण्याचे प्रयत्न केले. पायाचे बोट हाताला जोडून ते रुजेपर्यंत हात आणि पाय कित्येक दिवस एकत्र बांधून ठेवावे लागत. रुग्णाने ते कसे सोसले असेल, याची कल्पनाच करावी.

१९६५ साली जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून पुन्हा जोडला. १९६६ साली शांघाय येथे पायाचे दुसरे बोट आणि १९६८ साली इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट यांनी पायाचा अंगठा एकाच बैठकीत हातावर आणला. त्याआधी अमेरिकेतील हॅरी बंके यांनी माकडावर हे कर्म करून दाखविले होते. यांत शिवल्या जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा व्यास एक-दीड मिलिमीटरच्या आसपास असतो.

आपल्या देशातही ही विद्या लवकर रुजली. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोगाने लुळ्या पडलेल्या हातांवर कंडरा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. अंगठा जागेवर आहे, पण समोर येत नाही, अशा रुग्णांस त्यांनी पुन्हा घास उचलता येईल असे केले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनेचे काम केले. मुंबईचेच डॉ. बी. बी. जोशी यांनी हाताच्या शस्त्रक्रियेत आयुष्य घालविले. बारीक तारा व सळ्या बाहेरून लावून हाडे स्थिर ठेवण्याची त्यांची ‘जेस’ पद्धत कमी खर्चाची असल्याने देशभर वापरली गेली. कोईमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजा सबापथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या गंभीर जखमांवरील उपचारांचे मोठे केंद्र घडविले.

कोणत्या पातळीवर काय शक्य

तुटलेला भाग उपलब्ध नसेल किंवा चिरडून निकामी झाला असेल, तर पुनर्रचनेचा विचार येतो. कोणत्या पातळीवर तुटले, यावर उपाय ठरतो. रुग्णास योग्य दिशा दाखविण्यासाठी आपणांस एवढे ज्ञान पुरेसे आहे.

शेवटच्या पेरापुरती हानी असेल तर लांबी बहुधा पुरेशी राहते. तेथे प्रश्न असतो तो जाणीव असलेल्या चांगल्या त्वचेचा. अंगठ्याचीच किंवा तर्जनीच्या पाठीवरची त्वचा तिच्या रक्तवाहिनी व मज्जातंतूसह सरकवून आणता येते.

मुळाच्या पेरातून तुटले असेल तर अंगठा व तर्जनी यांमधील खाच खोल करून उरलेला भाग मोकळा करणे, किंवा हाड कापून बाहेरच्या चौकटीने दररोज थोडे थोडे ताणत लांब करणे, हे मार्ग आहेत. लांब करण्याची ही पद्धत बल्गेरियातील इव्हान मातेव यांनी रूढ केली. पायाचे बोट आणणे हाही मार्ग येथे खुला असतो.

तळहातातील हाडापर्यंत हानी असेल तर पायाचे बोट आणणे हा मुख्य उपाय ठरतो. मुळाचा खोगिरासारखा सांधाही गेला असेल, तर तर्जनी तिच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतूंसह फिरवून अंगठ्याच्या जागी बसविली जाते. चार बोटांचा हात होतो, पण पकड परत येते.

सर्व पद्धतींचे ध्येय एकच आहे. अंगठा पुरेशा लांबीचा, स्थिर, वेदनारहित, स्पर्श जाणणारा आणि इतर बोटांसमोर येणारा असावा. स्पर्श नसलेला अंगठा कितीही सुबक दिसला, तरी मनुष्य तो वापरीत नाही.

पायाचे बोट हातावर

आमच्या त्या रुग्णास पायाचे बोट आणण्याचा सल्ला मिळाला. कोणते बोट, हा प्रश्न होता. पायाचा अंगठा बलवान असतो, पण चालताना शेवटचा रेटा तोच देतो. आमचा तरुण माडावर चढणारा. म्हणून दुसरे बोट निवडले गेले.

घरी आल्यावर त्याच्या आईने आम्हांस गाठले. ती म्हणाली, “डॉक्टर, पायाचं बोट हाताला लावणार म्हणता. त्या बोटाने पोरगा जेवणार कसा? देवाला गंध कसं लावणार?” शल्यचिकित्सकास हा प्रश्न कदाचित कोणी विचारला नसता. तो आपणांसच विचारला जातो, कारण आपण घरचे असतो. आम्ही म्हणालो, “मावशी, हाताला लागलं की ते हाताचंच झालं. रक्त हाताचं, जाणीव हाताची.” तिचे समाधान झाले की नाही, कळले नाही. ती मान हलवून निघून गेली.

शस्त्रक्रियेस जवळजवळ संपूर्ण दिवस लागला. एक चमू पायावर, दुसरा हातावर. नंतरचे काही दिवस बोटाचा रंग, उष्णता आणि दाबून सोडल्यावर लाली परत येण्यास लागणारा वेळ दर तासाला पाहिला जात होता. रंग पांढरा पडला तर रक्त पोहोचत नाही. निळसर जांभळा होऊन फुगला तर रक्त परत जात नाही.

स्पर्श परतण्यास वेळ लागला. तुटलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. सहा-सात महिन्यांनी त्या तरुणास नाणे आणि गुंडी यांतला फरक डोळे मिटून कळू लागला. वर्षभरानंतर तो कोयता धरू लागला, केळीच्या सोपाची गाठ बांधू लागला. थंडीत बोट दुखते, पकड पूर्वीइतकी नाही, आणि ते बोट अंगठ्यासारखे दिसत नाही. हे सर्व खरे आहे. त्याच्या घरी एकदा जेवावयास बसलो असता तो त्याच हाताने बोंबलाचा काटा काढीत होता. आई शेजारी बसून वाढत होती. तिने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

तरीही आम्हांस ठाऊक आहे, आणि त्या तरुणासही ठाऊक आहे, की त्याचा स्वतःचा अंगठा माडाच्या बुंध्याशी आहे.

प्रथम भेटणाऱ्याने काय करावे

आता प्रत्यक्ष कर्तव्याकडे वळू. पुढील गोष्टी दवाखान्यात व दुकानात लिहून लावाव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट रुग्णाची. प्राण प्रथम, अंगठा नंतर. हात हृदयाच्या वर धरावा, जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून सरळ दाब द्यावा. रक्तस्तंभनासाठी चिमटे लावणे, टाके घालणे किंवा सुश्रुतोक्त दहनकर्म करणे येथे सर्वथा वर्ज्य आहे. ज्या रक्तवाहिनीचे तोंड आपण चिमटवू किंवा जाळू, तीच पुढे शिवावयाची असते. अंगठ्या, बांगड्या, कडी ताबडतोब काढावीत. धनुर्वातप्रतिबंधक सुईची व्यवस्था पाहावी. भूल द्यावी लागणार असल्याने चहा, पाणी, काढा काहीही पाजू नये. तंबाखू व विडी कटाक्षाने बंद, कारण त्यांनी रक्तवाहिन्या आकुंचित होतात.

दुसरी गोष्ट तुटलेल्या भागाची. तो शोधावा. चिरडलेला दिसला तरी फेकू नये. निर्णय आपला नव्हे, शल्यचिकित्सकाचा. त्यावरील माती नॉर्मल सलाईनने हलकेच धुवावी, घासू नये. सलाईनने ओलसर केलेल्या निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळावा, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी. रुग्णाचे नाव आणि अपघाताची वेळ वर लिहावी.

येथे किनाऱ्यावरील बंधूंस विशेष सूचना. आपल्याकडे मासळीमुळे बर्फ सहज मिळतो, आणि तोच धोका आहे. अंगठा थेट बर्फात घातला तर तो गोठून मरतो. बर्फाचा स्पर्श पिशवीला व्हावा, अंगठ्याला नव्हे. तसेच स्पिरिट, आयोडीन, दूध, मध, तूप, हळद, चुना यांपैकी काहीही त्यावर घालू नये. हळदीचे व्रणशोधन गुण आपण जाणतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली एक मिलिमीटरची वाहिनी शोधणाऱ्यास चूर्णाने माखलेली जखम म्हणजे निव्वळ अडथळा होय.

तिसरी गोष्ट अर्धवट तुटलेल्या अंगठ्याची. त्वचेच्या बारीक धाग्याने लोंबत असला तरी तो कापून वेगळा करू नये. त्या धाग्यातून रक्त परत जात असू शकते. आहे त्या जागी ओलसर गॉजने झाकून, फळीचा आधार देऊन बांधावा.

चौथी गोष्ट वेळेची. अंगठ्यात मांसल भाग थोडा असल्याने तो काही काळ तग धरतो. थंड न ठेवल्यास सुमारे ६ ते १२ तास, योग्य रीतीने थंड ठेवल्यास सुमारे २४ तासांपर्यंत पुनर्रोपणाचा विचार होऊ शकतो. राजोडीहून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास रहदारी धरून तीन तास लागले, तरी हाती वेळ उरतो. तो वेळ एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरण्यात जाऊ नये. सूक्ष्मशल्यक्रिया करणारे चिकित्सक कोठे आहेत, याची चौकशी अपघाताच्या दिवशी नव्हे, आजच करून दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावावा. निघण्यापूर्वी तेथे कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहेच.

सुश्रुतांच्या सद्योव्रणांच्या सहा प्रकारांत छिन्न आणि पिच्चित यांत जो भेद आहे, तोच येथे उपयोगी पडतो. छिन्न व्रणातील अंगठा जोडण्यास चांगला, पिच्चित व्रणातील कठीण. रुग्णास आशा दाखविताना हा भेद ध्यानी ठेवावा आणि खोटे वचन देऊ नये.

औषधी दुकानदार बंधूंस एवढेच सांगणे की, नॉर्मल सलाईनची बाटली, निर्जंतुक गॉज, पट्टी आणि दोन स्वच्छ पिशव्या यांचा संच दुकानात तयार ठेवावा. तो महाग नाही. ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी त्याचे पैसेही मागू नयेत.

आपले स्थान

शस्त्रक्रियेनंतर आपले काम सुरू होते, पण शल्यचिकित्सकाच्या संमतीनेच. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना लशुन, गुग्गुळ, हरिद्रा यांचे योग आपल्या मनाने सुरू करू नयेत. जे देत असू ते लिहून कळवावे. व्रण पूर्ण भरल्यावर मृदू अभ्यंगाने व्रणवस्तू मऊ होण्यास आणि सांधे मोकळे होण्यास साहाय्य होते. स्वेदनाविषयी मात्र कडक सावधगिरी हवी. नव्या अंगठ्यास स्पर्श नसतो, म्हणून उष्णताही कळत नाही. आपल्या दृष्टीने सुखोष्ण असलेला शेक त्यास भाजून काढतो. रुग्णास चूल, तवा, गरम भांडे यांविषयीही बजावावे.

एका बाबतीत आपली विद्या आधुनिक शल्यशास्त्रात मानाने परतली आहे. जोडलेल्या बोटात रक्त जाते पण परत येत नाही, अशा वेळी जळवा लावण्याची पद्धत जगातील अनेक केंद्रांत रूढ आहे. २००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधी जळवांच्या विक्रीस रीतसर मान्यता दिली. सूत्रस्थानातील जलौकावचारणीय अध्यायात सविष व निर्विष अशा बारा जळवांची चिकित्सा आपण वाचली आहे. पण हेही जाणावे की, धमनीतूनच रक्त पोहोचत नसेल तर जळवेचा उपयोग नाही. शिवाय जळवेच्या पोटातील जंतूंमुळे जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून तेथे प्रतिजैविकांचे कवच दिले जाते. अशा रुग्णावर जलौकावचारण करावयाचे ते त्या विभागात, त्या चमूसह. आपल्या दवाखान्यात नव्हे.

नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणात ५८ शस्त्रक्रियांची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा अधिकारांविषयी पुष्कळ वाद झाला. त्या वादात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. परंतु अधिकाराआधी कर्तव्य येते. तुटलेला अंगठा घेऊन आलेल्या भावास योग्य उत्तर देणे, हे कर्तव्य कोणत्याही यादीत नाही आणि आपल्यापैकी प्रत्येकाचे आहे.

त्या प्रसंगानंतर काही वर्षांनी प्रेस मशीनवर काम करणारा एक मुलगा अशाच अवस्थेत आमच्याकडे आला. त्याच्या सहकाऱ्यांनी केवळ त्यालाच आणले होते. आम्ही हात वर धरला, दाब दिला, आणि पहिला प्रश्न विचारला, “अंगठा कोठे आहे?” दोघेजण मोटारसायकलवरून कारखान्याकडे धावले. मशीनखालच्या पत्र्याच्या चुऱ्यातून त्यांनी तो शोधून आणला. अर्ध्या तासात रुग्ण, पिशवी आणि चिठ्ठी मुंबईच्या वाटेवर होती. तो अंगठा जोडला गेला आणि जगला. शेवटचा सांधा वाकत नाही, पण अंगठा त्याचाच आहे.

दोन रुग्णांत फरक पडला तो एका प्रश्नाचा. तो प्रश्न शिकण्यासाठी आमच्या पहिल्या रुग्णास जे मोल द्यावे लागले, ते आपल्यापैकी कोणाच्याही रुग्णास पुन्हा द्यावे लागू नये, एवढीच प्रार्थना.